मत नाही, पण माल जातो: युरोपीय संघाचं पूर्ण सदस्यत्व न घेता संघाशी जोडून घेण्याच्या वाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एखाद्या देशाला युरोपीय संघाचं पूर्ण सदस्यत्व नको असेल, किंवा हवं असूनही मिळत नसेल, तर त्याच्यापुढे कोणते पर्याय असतात आणि व्यवहारात त्यांनी नेमका काय फरक पडतो?

या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरते, म्हणून आधी ती जागा बघू. 'सीमाशुल्क संघ' आणि 'एकल बाजारपेठ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीमाशुल्क संघ म्हणजे आतल्या आत आयातशुल्क नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचा दर एकच. एकल बाजारपेठ म्हणजे नियम एकच: खेळण्याच्या रंगात शिसं किती चालेल, ट्रकचालकाने सलग किती तास गाडी चालवावी, एका देशात परवाना घेतलेल्या बँकेने दुसऱ्या देशात शाखा कशी उघडावी. मुलुंडचा जकात नाका २०१७ मध्ये बंद झाला, तेव्हा ट्रकची रांग संपली. पण आत येणाऱ्या औषधाला अन्न व औषध प्रशासनाचे नियम लागायचे थांबले नाहीत. नाका नसणं वेगळं आणि नाक्याच्या दोन्ही बाजूंना कायदा एकच असणं वेगळं. आपल्याकडे दोन्ही एकाच देशात मिळतं, म्हणून हा फरक चटकन डोळ्यांत भरत नाही.

संघाचे सदस्य दोन्हींत आहेत. नॉर्वे बाजारपेठेत आहे, सीमाशुल्क संघात नाही. तुर्कस्तानचं बरोबर उलटं. ब्रिटन २०२१ पासून दोन्हींत नाही. स्वित्झर्लंड बाजारपेठेत तुकड्यातुकड्यांनी आहे. त्यामुळे कोणताही पर्याय समोर आला की दोन गोष्टी विचाराव्यात. सीमेवर ट्रक थांबला तर चालकाकडे कोणता कागद मागतील? आणि ब्रसेल्समध्ये उद्या नवा नियम झाला तर तो तुमच्या देशात कोणत्या दाराने येईल? करारांच्या नावातले 'सहकार्य', 'भागीदारी', 'सहयोग' हे शब्द या दोन्हींचं उत्तर देत नाहीत.

सर्वांत जवळची वाट नॉर्वेची. युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार २ मे १९९२ रोजी पोर्तो इथे झाला आणि १ जानेवारी १९९४ पासून लागू झाला. संघाबाहेरचे आज त्यात तीनच देश आहेत: नॉर्वे, आइसलँड आणि १९९५ मध्ये आलेला लिश्टेनश्टाइन. हे तिघे आणि स्वित्झर्लंड मिळून 'एफ्टा' हा जुना व्यापारसंघ होतो, पण स्विस मतदारांनी डिसेंबर १९९२ च्या सार्वमतात आर्थिक क्षेत्रात जायला अगदी थोडक्या फरकाने नकार दिला. नॉर्वेच्या मतदारांनी संघाचं सदस्यत्व दोनदा नाकारलंय, १९७२ आणि १९९४ मध्ये.

यंत्रणा अशी चालते. युरोपीय आयोग कायद्याचा मसुदा करतो, तेव्हा तो आर्थिक क्षेत्राला लागू होण्याजोगा असेल तर मजकुरावरच तसा शेरा येतो. मसुद्याच्या टप्प्यावर एफ्टा देशांचे तज्ज्ञ आयोगाच्या समित्यांत बसू शकतात, बोलू शकतात. पण मंत्रिपरिषदेत आणि युरोपीय संसदेत मतदान होतं तेव्हा ते खोलीबाहेर असतात. कायदा झाला की संयुक्त समिती तो कराराच्या जोडपत्रात घालते. एखाद्या देशाच्या संसदेची मंजुरी लागणार असेल तर त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला ब्रसेल्समधलं एफ्टा देखरेख प्राधिकरण आहे आणि निवाड्यासाठी लक्झेंबर्गमधलं एफ्टा न्यायालय. त्या न्यायालयात न्यायाधीश तीन. म्हणजे आयोग आणि संघाचं न्यायालय यांच्या छोट्या प्रतिकृतीच उभ्या केल्यात, कारण परक्या न्यायालयाचा हुकूम थेट चालणं या देशांच्या घटनांना मानवलं नसतं.

कागदावर नकाराधिकार आहे. मात्र तो वापरला तर फक्त तो नियम अडत नाही. जोडपत्राचा त्या नियमाशी संबंधित भाग स्थगित होऊ शकतो आणि तो भाग किती मोठा, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. गाडीतून एक डबा सोडायला जावं आणि मागचे किती डबे सुटतील याचा अंदाज नसावा, तसं. म्हणून हा अधिकार आजवर प्रत्यक्षात शेवटापर्यंत नेला गेलेला नाही. संघाच्या टपालसेवेविषयीच्या तिसऱ्या निर्देशाला (निर्देश म्हणजे संघाच्या कायद्याचा एक प्रकार) नॉर्वेच्या मजूर पक्षाच्या सरकारने २०११ मध्ये 'नाही' म्हटलं. २०१३ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने तो नकार मागे घेतला. जानेवारी २०२५ मध्ये तर ऊर्जेविषयीच्या तीन निर्देशांवरून सेंटर पक्ष ओस्लोच्या सत्तेतून बाहेरच पडला. ज्या कायद्यांवर नॉर्वेने मतच दिलं नव्हतं, त्यांच्यावरून नॉर्वेचं आघाडी सरकार फुटलं. या पर्यायाची किंमत समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आर्थिक क्षेत्रात काय येत नाही, ही बाजू अनेकजण विसरतात. संघाचं शेती धोरण, मत्स्य धोरण, समान व्यापार धोरण आणि चलन त्याच्या बाहेर आहेत. नॉर्वेला ते सोयीचंच आहे. तिथल्या शेतकऱ्याला वाचवायला २०१३ पासून कठीण चीजवर २७७ टक्के आयातशुल्क आहे. परिणाम सीमेवर दिसतो. नॉर्वेची माणसं गाडी काढून स्वीडनच्या बाजूला खरेदीला जातात आणि मांस-चीज मिळून माणशी १० किलो शुल्काविना परत आणतात. उलट दिशेचा परिणाम माशांत दिसतो. नॉर्वेहून संघात जाणाऱ्या ताज्या अख्ख्या सामन (सॅल्मन) माशावर शुल्क २ टक्के, धुरावलेल्या सामनवर १३ टक्के. साहजिकच मासा नॉर्वेत वाढतो आणि धुरावण्याचे कारखाने पोलंड-डेन्मार्कमध्ये उभे राहतात. कच्च्या मालाला दार उघडं आणि पक्क्या मालाला अर्धं बंद, हा वसाहतकाळापासून ओळखीचा नमुना इथे दोन श्रीमंत शेजाऱ्यांमध्ये चालतो.

औद्योगिक मालावर शुल्क नाही, पण सीमाशुल्क संघ नसल्याने मालाचं मूळ सिद्ध करावं लागतं. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या स्विनेसुंडच्या नाक्यावर ट्रकला घोषणापत्र लागतं, माल कुठे बनला हे दाखवावं लागतं. नॉर्वेतल्या कारखान्याने पूर्व आशियातून सुटे भाग आणून फक्त जुळणी केली असेल, तर जुळणीने तो माल 'नॉर्वेचा' झाला का, याचं गणित प्रत्येक वस्तूच्या शुल्क-क्रमांकाप्रमाणे वेगळं असतं. हे गणित चुकलं तर चूक सहसा नाक्यावर पकडली जात नाही. ती दोन-तीन वर्षांनी तपासणीत निघते आणि शुल्काची मागणी आयातदाराच्या दारात येते.

आणि समान व्यापार धोरणात नसण्याचा चटका नोव्हेंबर २०२५ मध्ये बसला. संघाने पोलादासाठी लागणाऱ्या फेरोअलॉयच्या आयातीवर संरक्षक उपाय लावले, त्यात नॉर्वे आणि आइसलँडलाही धरलं. तीस वर्षं बाजारपेठेचे नियम पाळणारे देशही शुल्काच्या प्रश्नात शेवटी 'बाहेरचे' ठरू शकतात.

पैशाचं म्हणाल, तर संघाच्या अर्थसंकल्पात वर्गणी नाही, पण गरीब सदस्य देशांसाठी अनुदान द्यावं लागतं. २०२१ ते २०२८ या काळासाठी तीन देशांनी मिळून सुमारे ३.२७ अब्ज युरो कबूल केलेत, त्यातला बहुतांश भार नॉर्वेचा. संशोधन आणि विद्यार्थी-देवाणघेवाण अशा कार्यक्रमांचे पैसे वेगळे.

नव्या देशाला इथे शिरायचं तर आधी एफ्टाचं सदस्यत्व घ्यावं लागतं आणि त्याला चारही देशांचा होकार हवा. एफ्टाने बाहेरच्या देशांशी केलेल्या व्यापार करारांत सामील होण्यासाठीही अर्ज करावा लागतो. मग कराराच्या कलम १२८ खाली आर्थिक क्षेत्रासाठी अर्ज, वाटाघाटी, आणि सगळ्या पक्षांची मंजुरी. ब्रिटनमध्ये २०१६ नंतर 'नॉर्वेसारखं करू' म्हणणाऱ्यांनी या पहिल्या पायरीचा फारसा विचार केला नव्हता. साडेसहा कोटींच्या वर लोकसंख्येचा देश आपल्या पंगतीत बसला तर आपलं पान कुठे राहील, हा विचार ओस्लोत होणारच.

स्वित्झर्लंडची वाट इतिहासातून घडलीय, आराखड्यातून नाही. १९७२ चा मुक्त व्यापार करार होताच. १९९२ च्या नकारानंतर सात करारांचा पहिला संच १९९९ मध्ये झाला आणि जून २००२ पासून लागू झाला: माणसांची मुक्त ये-जा, तांत्रिक मान्यता (एकाने तपासलेला माल दुसऱ्याने पुन्हा न तपासणं), सरकारी खरेदी, शेतमाल, रस्ता-रेल्वे वाहतूक, विमान वाहतूक, संशोधन. २००४ मध्ये दुसरा संच आला, त्यात शेंगेन, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न तपासण्याची व्यवस्था, होतं. आज एकूण करार शंभराच्या वर आहेत. पहिल्या सातांना एकत्र बांधणारं जे कलम आहे, त्याला तिथे 'गिलोटिन' म्हणतात: एक करार मोडला तर सहा महिन्यांत बाकीचे सहाही मोडतात. हे कलम संघाने मुद्दाम घातलं, कारण स्विस मतदार ट्रकवाहतूक ठेवतील आणि माणसांची ये-जा कापतील, ही भीती होती. भीती अनाठायी नव्हती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ५०.३ टक्के मतदारांनी स्थलांतरावर कोटा लावण्याच्या बाजूने कौल दिला. संघाने संशोधन कार्यक्रमातला स्वित्झर्लंडचा पूर्ण सहभाग थांबवला आणि स्विस संसदेने शेवटी कोटा न लावता मवाळ कायदा केला. २०२० मध्ये मुक्त ये-जा संपवण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला, तेव्हा जवळपास ६२ टक्क्यांनी तो फेटाळला.

या पद्धतीची खरी दुखरी नस मात्र वेगळी आहे. स्विस करार मुख्यतः स्थिर आहेत, म्हणजे सही झाली तेव्हाचा कायदा त्यांत आहे. संघाचा कायदा बदलला की तो करारात आपोआप येत नाही, दोघांनी बसून तो भाग नवा करावा लागतो. संघाने नवा करायला नकार दिला तर? २६ मे २०२१ ला हेच घडलं. त्या दिवशी वैद्यकीय उपकरणांचा संघाचा नवा कायदा लागू झाला, आणि त्याच दिवशी स्विस सरकारने संस्थात्मक चौकटीच्या, म्हणजे या करारांना एक सामाईक यंत्रणा देण्याच्या, वाटाघाटी सोडल्या. तांत्रिक मान्यतेच्या कराराचा तो भाग अद्ययावत झाला नाही. सकाळपर्यंत संघातल्या कारखान्याच्या बरोबरीने असलेला स्विस उत्पादक दुपारी तिसऱ्या देशाचा झाला. त्याला संघात बसलेला अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागला, आयातदार ठरवावा लागला, त्यांची नावं-पत्ते छापून वेष्टनं बदलावी लागली. स्वित्झर्लंडनेही उलट दिशेने तसाच स्विस प्रतिनिधी मागायला सुरुवात केली. शुल्काचा एक पैसाही वाढला नव्हता. मोठ्या कंपन्यांनी जर्मनीत कार्यालयं ठेवलेलीच असतात. फटका पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यांना बसतो, कारण एका उत्पादनाचं वेष्टन बदलायला जितकी कागदपत्रं, तितकीच शंभराव्यालाही.

शेअर बाजाराबाबतही तसंच. संघाने दिलेली समकक्षतेची मान्यता, म्हणजे 'तुमचे नियम आमच्या तोडीचे आहेत' ही कबुली, जून २०१९ अखेर संपू दिली. 'समकक्षता' हा शब्द जिथे दिसेल तिथे सावध व्हावं. तो करार नसतो, संघाने स्वतःहून दिलेली परवानगी असते आणि ती संघ स्वतःच काढून घेऊ शकतो. लंडनच्या बँकांनाही पुढे हाच धडा मिळाला.

डिसेंबर २०२४ मध्ये नव्या संचाच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या. त्यात नियम बदलत जातील तसे स्वीकारण्याची पद्धत आहे, वादासाठी लवाद आहे, आणि संघाच्या कायद्याचा अर्थ लावण्याचा प्रश्न आला तर लवादाने युरोपीय न्यायालयाला विचारायचं आहे. २०३० ते २०३६ दर वर्षी ३५ कोटी फ्रँक द्यायचं कबूल आहे. म्हणजे स्विस वाट हळूहळू नॉर्वेच्या वाटेला मिळत चाललीय, फक्त तिला स्विस संसद आणि मतदारांचा होकार लागतो. नवा कुणी 'आम्हाला स्विस पद्धत द्या' म्हणाला तर ब्रसेल्समधून नकारच येईल. जी व्यवस्था त्यांना स्वतःलाच मोडीत काढायचीय, ती ते दुसऱ्याला कशाला देतील?

तुर्कस्तानकडे वळू. १९६३ च्या अंकारा करारात शेवटी सदस्यत्व दिसत होतं. सीमाशुल्क संघ त्या वाटेवरचा टप्पा म्हणून १९९५ च्या अखेरीस सुरू झाला. टप्पाच मुक्काम होऊन बसला. त्यात औद्योगिक माल आणि प्रक्रिया केलेले शेतीपदार्थ येतात. कच्चा शेतमाल, सेवा आणि सरकारी खरेदी येत नाही. कोळसा आणि पोलाद यांचा करार वेगळा.

इथला कागद नॉर्वेपेक्षा वेगळा आहे आणि निर्यातदार हमखास इथे गोंधळतात. ए.टीआर. हा दाखला माल कुठे बनला ते सांगत नाही. तो फक्त सांगतो की माल सीमाशुल्क संघात मुक्तपणे फिरतोय, म्हणजे तो इथेच बनलाय किंवा बाहेरून येऊन त्यावर शुल्क भरून झालंय. चीनमध्ये बनलेला पंप हॅम्बुर्गला शुल्क भरून उतरला, तर तो ए.टीआर.वर इस्तंबूलला जातो. शेतमाल किंवा पोलाद असेल तर ए.टीआर. चालत नाही, मूळ सांगणारा ईयूआर.१ लागतो. शिवाय तुर्कस्तानने अनेक वस्तूंवर स्वतःची जादा शुल्कं लावलीत, त्यामुळे ए.टीआर. असूनही नाक्यावर मूळ विचारलं जातं.

खरी विषमता पुढे आहे. संघाने तिसऱ्या देशाशी मुक्त व्यापार करार केला की तुर्कस्तानला आपले दर त्या करारानुसार जुळवावे लागतात. पण तो तिसरा देश तुर्कस्तानला काही द्यायला बांधलेला नसतो. दक्षिण कोरियाच्या वेळी हे झालं. कोरियाचा संघाशी करार २०११ मध्ये लागू झाला, तुर्कस्तानला स्वतंत्र वाटाघाटी करून मग आपला करार करावा लागला. आता भारताचा संघाशी करार घ्या. वाटाघाटी पूर्ण झाल्याचं २७ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीत जाहीर झालं. तो लागू झाल्यावर चाकणचा सुटा भाग शून्य शुल्काने जर्मनीत उतरून ए.टीआर.वर तुर्कस्तानला जाऊ शकेल, पण बुर्साच्या कारखान्याला भारतात पूर्ण शुल्क द्यावं लागेल, जोवर दिल्ली अंकाराशी वेगळा करार करत नाही तोवर. तुर्कस्तानची ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. टेबलावर खुर्ची नसताना दुसऱ्याने ठरवलेले दर पाळणं, हे नॉर्वेच्या नियमांपेक्षाही कठीण, कारण नियमांवर निदान समितीत बोलता तरी येतं.

सेवा करारात नसल्याने माल फिरतो पण ट्रक अडतो. बल्गेरियाच्या सीमेवरच्या कापिकुले नाक्यावर रांगा लागतात. तुर्की ट्रकला सदस्य देश वर्षाला ठरावीक परवाने देतात, चालकाला शेंगेन व्हिसा लागतो. हंगेरी तर तुर्की ट्रकवर वाहनकर घेत असे. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये तो कर शुल्कासारखाच असल्याचं सांगून चुकीचा ठरवला.

युक्रेन, मोल्दोव्हा आणि जॉर्जियाचे करार 'सखोल आणि सर्वंकष' मुक्त व्यापाराचे आहेत. युक्रेनचा व्यापारी भाग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. या देशांनी संघाचे शेकडो नियम जोडपत्रांतल्या वेळापत्रकाने स्वीकारायचे आणि बदल्यात बाजारपेठ भागाभागाने उघडायची, असा सौदा. शेतमालावर मात्र वार्षिक कोटे. सुरुवातीला युक्रेनच्या मधाचा शुल्कमुक्त कोटा ५,००० टन होता. २०१६ मध्ये तो वर्षाच्या सुरुवातीलाच संपला, उरलेलं वर्षभर पूर्ण शुल्क. कोंबडीच्या मांसाची गंमत आणखी मोठी. कोट्यात कोणते तुकडे येतात त्याची यादी होती. छातीच्या मांसाला पंखाचं हाड ठेवून कापलेला तुकडा त्या यादीत बसत नव्हता आणि त्यावर शुल्कही नव्हतं. मग तसाच तुकडा मोठ्या प्रमाणात जाऊ लागला. संघात गेल्यावर हाड काढलं की झालं. शेवटी २०१९ मध्ये ती फट बुजवली आणि मोबदल्यात कोटा ५०,००० टनांनी वाढवला. करार करणाऱ्यांनी तत्त्वांवर वर्षानुवर्षं घालवावीत आणि भांडण कोंबडीच्या हाडावर यावं, हे या क्षेत्रात नेहमीचं आहे. शुल्क-क्रमांकांची जोडपत्रं आधी वाचा आणि प्रस्तावना नंतर, असं म्हणतात ते यासाठीच.

युद्धानंतर जून २०२२ मध्ये हे कोटे तात्पुरते उठले, तेव्हा पोलंडचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. जून २०२५ मध्ये कोटे परत आले आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते बरेच मोठे झालेत. मधाचा आता ३५,००० टन.

अशा करारांना मंजुरीचा धोकाही असतो. करारात सदस्य देशांच्या अखत्यारीतले विषय आले की प्रत्येक देशाची मंजुरी लागते. एप्रिल २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या सार्वमतात युक्रेन कराराला ६१ टक्के विरोध झाला, मतदान जेमतेम ३२ टक्के. सार्वमत सल्ल्यापुरतं होतं, तरी या करारातून संघाच्या सदस्यत्वासाठी उमेदवारीचा हक्क मिळत नाही असा खुलासा सगळ्या नेत्यांना करावा लागला, मग गाडी पुढे सरकली. कॅनडाच्या कराराला त्याच वर्षी बेल्जियममधल्या वॅलोनिया प्रांताने अडवून धरलं होतं. म्हणून हल्ली व्यापाराचा भाग वेगळा काढून त्याला फक्त संघाची मंजुरी घेण्याकडे कल आहे.

ब्रिटनचा करार २४ डिसेंबर २०२० ला ठरला. शून्य शुल्क, शून्य कोटा, हे वाक्य तेव्हा फार मिरवलं गेलं. पुढचं वाक्य असं की शून्य शुल्क फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात 'बनलेल्या' मालाला. चिनी कपडे शुल्क भरून ब्रिटनच्या गोदामात आणले आणि तिथून डब्लिनच्या दुकानाला पाठवले, तर आयर्लंडमध्ये शिरताना पुन्हा १२ टक्के. पेट्रोल गाडीत बाहेरचे भाग किमतीच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. मर्यादा ओलांडली की १० टक्के शुल्क. बॅटरीच्या गाड्यांना सूट दिली, कारण बॅटरी आशियातून येते: आधी ६० टक्क्यांपर्यंत, आणि ही सूट २०२३ च्या डिसेंबरात वाढवून २०२६ अखेरपर्यंत नेली. मांस, दूध, अंडी पाठवायची तर पशुवैद्यकाने सही केलेलं आरोग्य प्रमाणपत्र हवं, आणि ते खेपेगणिक. एका ट्रकमध्ये दहा ग्राहकांचा मिश्र माल असेल तर एका चुकीच्या कागदाने सगळा ट्रक अडतो. म्हणून छोट्या चीज उत्पादकांनी युरोपला पाठवणंच सोडलं. मे २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी अन्न-आरोग्य नियमांचा वेगळा करार करायचं ठरवलं. त्यात ब्रिटनने संघाचे बदलते नियम स्वीकारत जायचं आहे. नियम घ्यायचे नाहीत म्हणून बाहेर पडलेला देश एका क्षेत्रापुरता नॉर्वेच्या दाराशी आलाय.

बदल्यात ब्रिटनला काय मिळालं? स्वतःचे करार करण्याची मोकळीक. भारताशी २४ जुलै २०२५ ला सही झालेला करार सीमाशुल्क संघात राहून करताच आला नसता. बाहेर राहण्याचा हा एकच फायदा असा आहे की जो कागदावर दाखवता येतो. तो तोट्याची भरपाई करतो का, याचं प्रामाणिक उत्तर नाही असं आहे, कारण शेजारच्या बाजारपेठेशी होणारा व्यापार समुद्रापारच्या कराराने भरून निघत नाही. अंतराला शुल्कापेक्षा जास्त वजन असतं.

उत्तर आयर्लंड हा अपवाद बघण्यासारखा आहे. तो ब्रिटनचा भाग, पण मालापुरता संघाच्या बाजारपेठेत. ऑक्टोबर २०२३ पासून ब्रिटनहून तिथेच राहणाऱ्या मालाला हिरवी मार्गिका आणि पुढे आयर्लंडला जाऊ शकणाऱ्या मालाला लाल. देशाचा एक तुकडा वेगळ्या नात्यात ठेवता येतो, पण मग नाका देशाच्या पोटात येतो.

माणसांच्या बाबतीत हे फरक गोव्यात नीट कळतात. पोर्तुगीज नागरिकत्व मिळवलेले अनेक गोवेकर ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनला, स्थायिक झाले, कारण तेव्हा मुक्त ये-जा होती. ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने जाणाऱ्याला तो पासपोर्ट तिथे नोकरीचा हक्क देत नाही. तोच पासपोर्ट नॉर्वेत आणि स्वित्झर्लंडमध्ये आजही हक्क देतो, तुर्कस्तानात देत नाही. लिश्टेनश्टाइनमध्ये तर आर्थिक क्षेत्रात असूनही वास्तव्याच्या परवान्यांवर वार्षिक मर्यादा आहे आणि त्यांतले काही चक्क सोडत काढून देतात. इतक्या छोट्या देशासाठी केलेली ती सवलत आहे, तिचा दाखला देऊन मोठ्या देशाला तसं काही मिळणार नाही.

शेंगेन हे यांतल्या कशाशीच बांधलेलं नाही. नॉर्वे आणि स्वित्झर्लंड त्यात आहेत, संघाचा सदस्य असलेला आयर्लंड नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रागला सुरू झालेला 'युरोपीय राजकीय समुदाय' पर्याय म्हणून मोजला जातो, पण त्याला ना तह, ना सचिवालय, ना अर्थसंकल्प. नेत्यांनी भेटण्याची ती जागा आहे, तेवढंच.

आपल्या निर्यातदारापुरतं बोलायचं तर एफ्टाशी भारताचा करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. त्यातला स्वित्झर्लंडचा भाग औद्योगिक मालाला फार बदल घडवत नाही, कारण त्या देशाने औद्योगिक आयातशुल्क १ जानेवारी २०२४ पासूनच सगळ्यांसाठी काढलं. नॉर्वेसाठी मात्र मूळ देशाचा दाखला नीट लागतो. नाशिकची द्राक्षं ओस्लोला जाणार असतील आणि कंटेनर रॉटरडॅमला उतरणार असेल, तर तिथे माल संघात सोडवून घेऊ नये, नाहीतर संघाचं शुल्क भरावं लागतं. तो टी-१ या पारगमन कागदावर सीमाशुल्काच्या देखरेखीखाली नॉर्वेच्या नाक्यापर्यंत न्यावा. एजंटला बुकिंगच्या वेळीच तसं लेखी सांगावं, कारण न सांगितल्यास तो सवयीने रॉटरडॅमलाच सोडवतो. आणि ओस्लोला पोचलेला माल उरला म्हणून स्टॉकहोमला वळवला, तर स्वीडनच्या सीमेवर तो भारतीय माल म्हणून नव्याने मोजला जाईल. कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी तेवढी दोनदा करावी लागत नाही, ती मर्यादा दोन्हीकडे एकच आहे.